शेवटचे दहा हजार आणि आपलं अचौर्यव्रत



आजचा लेख काही जणींना झोंबेल. झोंबू दे. चातुर्मास संपला की आपल्याकडे घरोघरी फर्निचरची कामं निघतात. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाच्या स्वयंपाकघरातलं जुनं फडताळ वाळवीनं पोखरलेलं असतं. मग महिला मंडळात एकच विषय, सुतार. सुतार फसवतो, सुतार वेळ लावतो, सुतार उचल घेऊन गायब होतो. या तक्रारी मी पंचवीस-तीस वर्षं ऐकते आहे आणि त्यांतल्या पुष्कळ खऱ्या आहेत. पण तक्रारीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं आणि माझं भांडण त्या वाक्याशी आहे. "मी पण काही कमी नाही, शेवटचे दहा हजार दिलेच नाहीत त्याला." त्यावर बाकीच्या म्हणतात, "बरं केलंस गं बाई, अशांना तसंच पाहिजे."

काय बरं केलं? मला कुणीतरी नीट समजावून सांगा. आपण दशलक्षणात दहा दिवस सूत्र ऐकतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतं आहेत आणि प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार आहेत. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, इतकी साधी व्याख्या आहे. सुतारानं त्याचे कष्ट आपल्याला फुकट दिलेले नसतात, ठरलेल्या पैशांच्या बदल्यात दिलेले असतात. ते कष्ट कपाट होऊन आपल्या खोलीत उभे आहेत, आपण रोज त्याची दारं उघडतो, आत रेशमी साड्या ठेवतो (त्या रेशमाबद्दल पुन्हा कधीतरी भांडेन). आणि पैसे मात्र आपल्या खात्यात. याला दुसरं नाव काय देणार? ज्यांनी "बरं केलंस" म्हटलं त्यांनीही सुटलो असं समजू नये. कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्ही आपल्याकडे मोजले जातात. आरंभ-हिंसेच्या वेळी आपण ते तीन शब्द पटकन सांगतो. मग मजुरीच्या वेळी कुठे जातात?

मी बी.कॉम. आहे. ती पदवी चाळीस वर्षं मसाल्याच्या डब्यात पडून होती असं आमच्या घरी गमतीनं म्हणतात, पण हिशेब मला कळतो. तर एकदा मिस्त्रीच्या बाजूनं हिशेब मांडून बघू. समजा एका घराची मजुरी पंच्याहत्तर हजारांना उक्ती ठरली. काम पंचवीस दिवसांचं. मिस्त्रीबरोबर एक कारागीर आणि एक हेल्पर. कारागिराचा रोज हजार धरा, पंचवीस हजार झाले. हेल्परचा सातशे धरा, साडेसतरा हजार झाले. टेम्पो, करवतीची पाती, पॉलिश पेपर, गाडीचं पेट्रोल यांचे पाच हजार. राहिले साडेसत्तावीस हजार. हे त्याचे, ज्यानं मापं घेतली, आपल्या दहा शंका ऐकल्या आणि आपला राग सोसला. आता त्यातले आपण दहा हजार अडकवले. उरले साडेसतरा हजार, भागिले पंचवीस. सातशे. म्हणजे आपल्या एका "हुशारी"नं मिस्त्री हेल्परच्या रोजावर आला. कारागिराचा आणि हेल्परचा रोज तो कापू शकत नाही, ते दर शनिवारी हात पुढे करतात. जो कापला जातो तो फक्त त्याचाच. तुम्ही रोजांचे आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, उत्तर फार बदलणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे. "काम नीट केलं असतं तर दिले असते. ड्रॉवर अडकतो, एका दाराची बिजागरी करकरते." ठीक आहे, रास्त आहे. पण मग ते आधी ठरवा. मोठ्या बांधकामांच्या करारात याला रिटेन्शन म्हणतात. काम सुरू होण्याआधीच लिहिलेलं असतं की एकूण रकमेतला इतका भाग काम संपल्यावर इतक्या दिवसांनी मिळेल, तोवर काही बिघडलं तर दुरुस्त करून द्यायचं. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, दोघांना माहीत. घरच्या कामातही हे करता येतं. मजुरीतले पाच टक्के एक महिना ठेवा, सगळी दारं, ड्रॉवर, कड्या वापरून बघा, वहीत दोष लिहा, त्याला बोलवा, दुरुस्त करून घ्या आणि त्या तारखेला पैसे द्या. आपण करतो ते हे नव्हे. आपण कामभर गोड बोलतो, चहा देतो, आणि शेवटच्या दिवशी चष्मा लावून दोष शोधायला निघतो. दोष सापडायच्या आधीच रक्कम ठरलेली असते. मग तो बिचारा चार हेलपाटे घालतो, "ताई, तेवढं बघा की," म्हणतो, आणि आपण "हे घरी नाहीत, पुढच्या आठवड्यात या," म्हणतो. दशलक्षणातला तिसरा धर्म उत्तम आर्जव. सरळपणा. ह्यांच्या नावाआड लपणं त्यात कुठे बसतं ते मला सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्यांत कमी कोटेशन. तीन जणांना बोलवायचं, तिघांचे आकडे घ्यायचे आणि सगळ्यांत कमीवाल्याला आणखी पाच हजार कमी करायला लावायचं. मग सहा महिन्यांनी सिंकखालचं कपाट फुगलं की "सुतारानं फसवलं." अहो, पण मजुरीचे रोज सगळ्या गावात जवळपास सारखे. मग एकाचा आकडा एक लाख ऐंशी आणि दुसऱ्याचा एक पंचेचाळीस असेल तर मधले पस्तीस हजार कुठून आले? मालातून. दुसरी जागाच नाही.

प्लायवुडचा ताव आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणजे बत्तीस चौरस फूट. समजा चांगला प्लाय पंच्याण्णव रुपये फूट आहे आणि हलका पासष्ट. एका तावात नऊशे साठ रुपयांचा फरक. पंधरा ताव लागले तर चौदा हजार चारशे. सनमायका एक मिलिमीटरऐवजी पातळ, कपाटाची पाठ सहा मिलिमीटरऐवजी चार, कडेला लाकडी पट्टीऐवजी चिकटपट्टी, चॅनेल आणि बिजागऱ्या बिननावाच्या, आणि झाले पस्तीस हजार. वरून सगळं सारखंच दिसतं. सनमायका लावल्यावर आत काय आहे हे तुम्हाला-मला काय कळणार?

आता हे नीट बघा, कारण अचौर्याच्या पाच अतिचारांपैकी दोन इथेच बसले आहेत. एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमीजास्त. अठरा मिलिमीटर म्हणून सोळाचा ताव देणं, लॉफ्टचं माप दोनदा धरणं. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी खऱ्यासारखं दिसणारं खपवणं. हलक्या तावावर भारी शिक्का. हे करणारा दोषी आहेच, त्याला मी सोडत नाही. पण ज्या भावात खरा माल बसूच शकत नाही तो भाव आपण हट्टानं पाडून घेतो, तेव्हा आपण त्याच्याकडे काय मागत असतो? मी त्याला कारित म्हणते. तुम्ही वेगळं म्हणत असाल तर सांगा, ऐकेन.

आणि आणखी दोन. "बिल नको, कच्च्यावर द्या," हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोललं जातं. प्लायवुडवर अठरा टक्के जीएसटी आहे, तो वाचतो, हे खरं. पण राज्याचा नियम चुकवून केलेला व्यवहार म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, तोही त्याच पाचांत आहे. शिवाय व्यवहारात तोटा आपलाच. कच्च्या चिठ्ठीवर ना मालाचं नाव असतं ना आयएस नंबर. उद्या ताव फुटला तर दुकानदार म्हणणार, "हा आमचा नव्हेच." (छोट्या सुताराच्या मजुरीवर मात्र जीएसटीचं बिल मागत बसू नका. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. त्याच्याकडून मिळालेल्या पैशांची सही असलेली पावती पुरे.) आणि चौथा तदाहृतादान, चोरून आणलेलं विकत घेणं. अर्ध्या किमतीत सागवान मिळतंय म्हणून कुणी सांगितलं की आधी विचारा, वखारीचं बिल आहे का, वन खात्याचा वाहतूक परवाना दाखवता येईल का. देव्हारा सागवानाचाच पाहिजे असा आपला हट्ट असतो. त्या देव्हाऱ्यात चोरीचं लाकूड असलं तर मूर्ती कुठे बसवली म्हणायचं?

उपाय कठीण नाही. माल आणि मजुरी वेगळी करा. मजुरी सुताराशी ठरवा, आणि माल त्याला बरोबर घेऊन स्वतःच्या नावानं पक्क्या बिलावर घ्या. आमच्या सांगलीत टिंबर एरियात एक सकाळ घालवली की भाव कळतात. तावाच्या पाठीवरचा आयएसआयचा शिक्का आणि नंबर बघा. आयएस ३०३ म्हणजे घरातल्या साध्या वापराचा, आयएस ७१० म्हणजे मरीन, जो बहात्तर तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून, गॅलरीत ७१० वापरा. झोपायच्या खोलीच्या कपाटाला तो लागतोच असं नाही, तिथे पैसे वाचवा ना, कोण नको म्हणतंय? टेप घेऊन जाडी मोजा. दुकानदार हसला तर हसू दे. दुकानदाराकडून मिस्त्रीला कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. ते कुजबुजत बोलण्यापेक्षा सरळ म्हणा, "मिस्त्री, तुमचं काय असेल ते मजुरीत धरा, मालाचा भाव मला निव्वळ पाहिजे." चांगला माणूस असेल तर त्यालाही सुटल्यासारखं वाटतं.

आता ज्यांचं म्हणणं असतं की "नकोच ती सुताराची कटकट, आम्ही सगळं मॉड्युलर कंपनीला दिलं," त्यांच्याशी दोन शब्द. कारखान्यात कापलेल्या फळीची कड सुताराच्या हातापेक्षा साफ असते, हे मी मान्य करते. धूळ नाही, आवाज नाही, हेही मान्य. पण एक गंमत बघा. कंपनी अर्धे पैसे आगाऊ मागते, बाकीचे माल घरी पोचायच्या आत मागते. आपण मुकाट्यानं देतो. एसीत बसून, संगणकावर चित्र बघून, सही करून देतो. तिथे कुणी म्हणत नाही की "शेवटचे दहा हजार कामानंतर बघू." तीच बाई सुताराला पाच हजारांची उचल देताना तीनदा मोजते आणि शेवटच्या दोन हजारांसाठी त्याला दारात उभा करते. म्हणजे आपली हुशारी फक्त आपल्यापेक्षा दुबळ्यापुढे चालते. कंपनीपुढे आपण भाबड्या, सुतारापुढे चाणक्य.

आणि आम्हा सांगलीकरांना २०१९ चा ऑगस्ट विसरता येणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, गावभागात, मारुती चौकात घरांत पाणी होतं. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर घरोघरी जे बघितलं त्याला पुरावा म्हणायला हरकत नाही. भुशाच्या पार्टिकल बोर्डची सुंदर कपाटं भिजलेल्या पावासारखी झाली होती, हात लावला की तुकडा हातात. हलका प्लाय पानापानानं सुटला. जुन्या सागवानाच्या चौकटी आणि पलंग चिखल धुऊन, सावलीत वाळवून, एकदा रंधा मारून पुन्हा उभे राहिले. तो रंधा मारायला कोण आलं? गावातलाच सुतार आला, ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं होतं, ज्याची हत्यारं गंजली होती. वॉरंटी कार्ड काढून बसलेल्यांनी बारीक अक्षरं तेव्हा वाचली. बहुतेक कार्डांवर पाण्याचं नुकसान वगळलेलं असतं. तुमच्याकडे कार्ड असेल तर आत्ताच काढून बघा.

स्थानिक माणसाला काम द्यावं असं मी म्हणते ते या कारणानं. दहा वर्षांनी खण अडकला तर तो सायकलवरून येऊ शकतो. अर्थात आपण त्याचे शेवटचे पैसे दिले असतील तर.

पुढचा आरोप, वेळ लावतो. लावतो, पण त्यातला किती वेळ आपला आणि किती त्याचा? अष्टमी-चतुर्दशीला आवाज नको. दशलक्षणात दहा दिवस काम बंद. दुपारी दोन ते चार सोसायटीचा नियम. दिवेलागणीनंतर काम नको, कारण दिव्यावर पाखरं येतात आणि करवतीत, पॉलिशमध्ये मरतात. हे सगळे नियम मला मान्य आहेत, माझ्याही घरी पाळले जातात. पण मग दिवस मोजताना हे दिवस वजा करा! वर पुन्हा आपलं मन बदलतं. अर्धं कपाट उभं राहिल्यावर सुनेच्या मोबाईलवर नवा फोटो येतो आणि आरसा आत की बाहेर यावर घरात दोन दिवस मतभेद. मोडून पुन्हा केलं त्याचे पैसे मागितले की "एवढ्याचे काय मागता?" एवढ्यालाच त्याचा दीड दिवस गेलेला असतो. वाढीव काम त्याच दिवशी वहीत लिहा, शेजारी रक्कम लिहा, त्याची सही घ्या, तुमचीही करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि शेवटच्या दिवसाची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता पाण्याचं. हे लिहिताना मला खरंच राग येतो आहे. आपण पाणी गाळून पितो. दुहेरी छन्ना, जिवाणी परत विहिरीला, सगळं शिस्तीत. आणि चौथ्या मजल्यावर तीसेक किलोचा एक-एक ताव पाठीवरून चढवलेल्या पोराला आपण म्हणतो, "मागच्या गॅलरीत नळ आहे." लिफ्ट का नाही? कारण लिफ्टला ओरखडे पडतात, सोसायटीनं बोर्ड लावलाय. अहिंसेच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे आणि अन्नपाननिरोध आहे. झेपणार नाही इतकं ओझं लादणं, वेळेवर अन्नपाणी न देणं. आपण ते बैलापुरतं समजून बसलो आहोत. गोशाळेला पावती फाडतो. बैलापेक्षा हा पोरगा वेगळा कसा? लिफ्टला आतून जुनी गोधडी बांधून बघा, ओरखडे पडत नाहीत. ताव मोठा असल्यानं लिफ्टमध्ये मावत नसेल तर वखारीतच मापाला कापून आणा, आणि नाहीच जमलं तर ओझं चढवायची मजुरी वेगळी द्या. गाळलेल्या पाण्याचा तांब्या बाहेर ठेवायला तर काहीच लागत नाही.

डब्याचा प्रश्न खरा आहे, तो टाळत नाही. त्यांच्या डब्यात अंडं असतं, कधी मटण असतं, कांदा तर असतोच. आपल्या घरात ते चालत नाही. पण हे त्याला कधी सांगायचं? भाव ठरवताना, पहिल्या बैठकीत. "आमच्या घरात अंडं-मांस उघडायचं नाही, गुटखा-तंबाखू नको, यात तुम्हाला अडचण असेल तर आत्ताच सांगा." कुणी नाही म्हणत नाही, तो डबा घरून वेगळा आणतो किंवा खाली जाऊन जेवतो. आपण हे सांगत नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा डबा उघडा बघून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतो. जेवणाऱ्या माणसाला ताटावरून उठवणं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

पॉलिशचंही पहिल्या बैठकीतच बोला. फ्रेंच पॉलिशमध्ये चपडा असतो, तो लाखेचा, आणि लाख म्हणजे किड्यांचं काम. श्रावकानं करू नये अशा व्यापारांत लाखेचा व्यापार मोजलेला आहे. पॉलियुरेथेन किंवा मेलामाईनचा पर्याय आहे, महाग पडतो, पण आहे. पूर्वी सुतार सरस वापरत, तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून उकळून केलेला. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आलं आणि ती अडचण आपल्यापुरती बरीचशी मिटली. असा फरक असतो हे पुष्कळ तरुण मिस्त्रींना माहीतही नाही, त्यांना दोष देऊ नका, नुसतं सांगा.

सुताराचे दोष मी विसरलेले नाही. चार ठिकाणी उचल घेऊन चारही घरं अर्धवट ठेवणारे आहेत. आमच्या नात्यात एका घरी असा प्रकार झाला, निम्मे पैसे पहिल्या दिवशी घेतले आणि माणूस दोन महिने फिरकला नाही. लग्न तोंडावर आलेलं. पण तिथेही कागद नव्हता. का नव्हता? तर "आपल्यातलाच आहे, बस्तीत रोज भेटतो, त्याला काय लिहून मागायचं?" समाजातल्या ठेकेदाराशी तोंडी व्यवहार करायचा आणि नंतर बस्तीत एकमेकांकडे पाठ करून बसायचं, हे मी डोळ्यांनी बघते आहे. ओळख आहे म्हणून तर लिहा. ओळखीचा माणूस गमवायचा नसतो.

पैसे टप्प्यानं द्या. सुरुवातीला मजुरीचा थोडा भाग, सांगाडे उभे राहिले की एक, सनमायका लागला की एक, काम संपलं की राहिलेला, आणि ते पाच टक्के महिन्यानं. एका साध्या कागदावर खोलीवार कामाची यादी, मापं, मालाचा प्रकार, एकूण मजुरी, टप्पे, सुट्टीचे दिवस वजा जाता संपायची तारीख. दोघांच्या सह्या आणि दोघांकडे एकेक प्रत. पैसे शक्यतो खात्यावर द्या, रोख दिले तर सही घ्या. एवढं असेल आणि तरीही कुणी बुडवलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूनं आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत ती करता येते. कागद नसेल तर तिथे जाऊन काय सांगणार, बस्तीत भेटतो म्हणून?

भिंतीच्या बाबतीत मात्र सुताराचंही ऐकू नका आणि स्वतःचंही. "हॉल मोठा करू, मधला तुकडा काढून टाकू," हे आता प्रत्येक फ्लॅटमध्ये चाललं आहे. २५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली, सतरा माणसं गेली, आणि तळमजल्यावरच्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावरच्यांचा त्यात काय दोष होता? खांब, तुळई, भार पेलणारी भिंत कुठली हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगू शकतो. त्याची फी द्या, सोसायटीची लेखी परवानगी घ्या. मिस्त्री "काही होत नाही ताई" म्हणाला तरी थांबा. सनमायक्याचा रंग ठरवायला आपण आठ दिवस घेतो, तर खांबासाठी दोन दिवस काढायला काय हरकत आहे?

ज्यांच्याकडे माघात-फाल्गुनात लग्न आहे त्यांनी मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवा आणि तारीख लिहून घ्या. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या मागे लागू नका, तेव्हा सगळं गाव त्याच्या मागे असतं. आणि ज्यांच्याकडे मागच्या वर्षीच्या कामाचे पैसे अजून अडकलेले आहेत त्यांनी क्षमावणीच्या मेसेजमध्ये मिस्त्रीचाही नंबर घाला, पण आधी पैसे पाठवा आणि मग मेसेज.